हीटर-एसी नसलेल्या कोठाराच्या भिंतींना आतून अस्तर: कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

कोठाराच्या भिंती आतून नीट करून घ्यायच्या ठरल्या की बहुतेक जण घरातली पद्धत जशीच्या तशी तिकडे नेतात. सांगाड्यात उष्णता अडवणारं रॉकवूल भरतात, वरून प्लास्टिक ताणतात, जिप्सम बोर्ड ठोकतात आणि रंग मारतात. पहिले काही महिने सगळं झकास दिसतं. मग खालच्या कडेला बोर्ड फुगतो, स्क्रूभोवती गंजाचे डाग उमटतात आणि बंद खोलीत शिरल्यावर येतो तसा कुबट वास यायला लागतो. असं प्लायवुड मी स्वतः उचकटलं आहे, आणि ते लावणाराही मीच होतो. मागचं प्लास्टिक आतून ओलं होतं आणि लाकूड काळं पडलेलं होतं.

घराची भिंत आतून उबदार किंवा थंड राखलेली असते आणि तिची रचना त्या हिशेबाने ठरते. कोठारात आत-बाहेर हवामान जवळजवळ सारखंच असतं. तिथली भिंत अधूनमधून ओली होणारच. ती लवकर सुकेल अशी सोय ठेवणं हे या कामातलं मुख्य काम. पुढचे सगळे टप्पे त्या एका गोष्टीसाठी आहेत. क्रमही तोच ठेवा, कारण बोर्ड चढल्यावर मागचं काहीच दिसत नाही.

हे मार्गदर्शन लाकडी किंवा लोखंडी सांगाड्याच्या, बाहेरून पत्रा किंवा फळ्या असलेल्या कोठारासाठी आहे. विटा-दगडाच्या भिंतीबद्दल जिथे वेगळं करायचं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

टप्पा १: अस्तर नक्की कशासाठी हवं ते ठरवा

कोठारात अस्तर चार कारणांसाठी लावतात. सामानाचा धक्का पत्र्याला किंवा फळ्यांना लागू नये, हत्यारं आणि फळ्या टांगता याव्यात, धूळ आणि उंदीर कमी व्हावेत, आणि उजेड परावर्तित होऊन आत नीट दिसावं. उष्णता अडवणं यात येत नाही. आत तापवण्या-थंडावण्याची सोयच नसेल, तर इन्सुलेशन राखणार तरी काय?

म्हणून चारही भिंती छतापर्यंत झाकायलाच हव्यात असं नाही. माझं मत विचाराल तर पुष्कळ कोठारांना खालचे १.२ मीटर मजबूत अस्तर पुरतं. वरचा सांगाडा उघडा ठेवला की हवा खेळते, गळती लगेच दिसते आणि उभ्या खांबांमधल्या जागेत छोट्या वस्तू ठेवता येतात. कागदावर प्रत्येक भिंतीचं साधं चित्र काढा. दारं, खिडक्या, स्विच, फळ्या कुठे येणार आणि जड वस्तू कुठे टेकणार हे त्यावर दाखवा. हे चित्र टप्पा ५ आणि ६ मध्ये लागणार आहे.

टप्पा २: पाणी बाहेरच्या बाहेर थांबवा

सर्वात जास्त वेळ इथे द्या. लोक इथेच घाई करतात.

छतापासून सुरुवात करा. पत्र्याच्या स्क्रूखालची रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन चिरते आणि तिथून थेंब-थेंब पाणी पर्लिनवरून (पत्रा धरणाऱ्या आडव्या कडीवरून) सरकत भिंतीत उतरतं. गळतीची जागा आणि डागाची जागा बहुधा वेगळी असते, म्हणून डागाच्या वरच्या अंगाला उताराच्या दिशेने शोधत जा. चिरलेली वॉशर असलेला स्क्रू पुन्हा आवळून उपयोग नाही. तो काढून थोडा जाड, नवी वॉशर असलेला स्क्रू बसवा.

मग पन्हळ पाहा. पन्हळीतून पडणारं पाणी भिंतीच्या पायाशीच साचत असेल तर आतलं सगळं काम वाया जाईल. बाहेरची जमीन भिंतीपासून दूर उतरती हवी, पहिल्या तीन मीटरमध्ये सुमारे १५ सेंटीमीटर. बाहेरच्या फळ्या किंवा पत्रा मातीला टेकलेला नको. मध्ये १५ सेंटीमीटर मोकळं ठेवा. वर्षानुवर्षं माती आणि पालापाचोळा चढून हे अंतर बुजलेलं असतं. फावडं घेऊन ते मोकळं करणं हे यातलं सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी काम.

शेवटी फरशी. काँक्रीटमधून ओल वर येते का ते पाहायला ४५ × ४५ सेंटीमीटरचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि किमान १६ तास तसाच राहू द्या. खालच्या बाजूला थेंब दिसले किंवा काँक्रीट गडद पडलं, तर जमिनीतली ओल वर येते आहे. अशा फरशीवर अस्तर लावता येतं, पण लाकूड तिला कुठेही थेट टेकता कामा नये.

*तपासणी:* जोराचा पाऊस चालू असताना आत जा, दार लावा, दिवा बंद करा. आधी उजेडाच्या फटी मोजा, मग टॉर्चने ओल शोधा. पाऊस नसेल तर नळीने पाणी मारा, पण भिंतीच्या खालून सुरुवात करून हळूहळू वर जा. वरून मारलं तर सगळीकडेच ओघळ येतात आणि फट नेमकी कोणती हे कळत नाही.

टप्पा ३: रिकामं करा, साफ करा, टोचून पाहा

सामान नुसतं मधोमध सरकवून काम करू नका, पूर्ण बाहेर काढा. बोर्ड उचलून फिरवायला जागा लागते आणि भिंतीचा पायथा दिसायला हवा.

*सावधान:* उंदरांच्या लेंड्या आणि पक्ष्यांची विष्ठा कोरडी झाडू नका. त्या धुळीतून आजार पसरतात. आधी दारं उघडून अर्धा तास हवा येऊ द्या, जंतुनाशकाच्या पाण्याने जागा भिजवा, मग पुसून उचला. हातमोजे आणि चांगला मास्क घाला. वटवाघळं आढळली तर हात न लावता जाणकाराला बोलवा.

*सावधान:* जुनं सिमेंटचं नागमोडी पत्र्यासारखं छत किंवा भिंत असेल तर त्यात अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून चाला. त्याला भोक पाडू नका, कापू नका, तारेच्या ब्रशने घासू नका. अस्तराचा सांगाडा त्याला न जोडता स्वतंत्र उभा करा. जुन्या रंगाच्या थरात शिसं असू शकतं; तो कोरडा घासून काढणंही टाळा.

आता लाकूड तपासा. टोच्या किंवा जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन प्रत्येक खांबाचा तळ, खालची आडवी पट्टी आणि खिडक्यांच्या खालचे कोपरे टोचत जा. टोक सहज आत शिरलं तर लाकूड कुजलं आहे. कुजलेला भाग निरोगी लाकडापर्यंत कापून बदला. त्यावर रंग किंवा लांबी (पुट्टी) भरून झाकलं तर फक्त दिसायचं थांबतं. बारीक भोकं आणि त्याखाली ताजी भुकटी दिसली तर कीड जिवंत आहे, तिचा बंदोबस्त आधी.

लाकडातली ओल मोजायचं दोन सुयांचं छोटं यंत्र मिळतं. ते हाताशी ठेवा. २० टक्क्यांच्या खाली आकडा असेल तर बुरशीने लाकूड कुजत नाही. ३० च्या आसपास गेला तर कुजण्याला पूरक स्थिती तयार झालेली असते. २० च्या वर असलेल्या सांगाड्यावर बोर्ड चढवू नका. दारं उघडी ठेवा, पंखा लावा, थांबा.

टप्पा ४: इन्सुलेशन, प्लास्टिक आणि हवा

प्लास्टिक का नको, हे एकदा आकड्यांत पाहू. २० अंश सेल्सियसला हवेच्या एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त १७ ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ मावते. १० अंशाला जेमतेम साडेनऊ. म्हणजे संध्याकाळी २० अंश आणि ६० टक्के आर्द्रता असलेली हवा १२ अंशांच्या कोणत्याही वस्तूला टेकली की तिच्यावर दव धरतं. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता सोडून आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होतो. म्हणूनच पाऊस नसतानाही सकाळी पत्र्यावरून आत पाणी टपकतं आणि लोक छत गळतं म्हणून डांबर लावत बसतात.

हे दव दिवसा उडून जायला हवं. मध्ये प्लास्टिक असेल तर ते अडकतं. कधी भिंतीच्या या बाजूला, कधी त्या बाजूला, कारण न तापवलेल्या इमारतीत गरम बाजू आणि थंड बाजू दिवस-रात्रीप्रमाणे बदलते. वाफ अडवणारा पडदा नेमका कोणत्या बाजूला लावायचा, या प्रश्नाला इथे उत्तरच नाही. पडदा लावू नका. बाहेरच्या फळ्यांच्या फटींतून वारा-पाऊस येत असेल तर फळ्यांच्या आतून, वाफ जाऊ देणारं पण पाणी अडवणारं कापड लावता येतं. ती प्लास्टिकची साधी शीट नव्हे. विकत घेताना हे दोनदा विचारून घ्या.

रॉकवूल आणि ग्लासवूलसुद्धा टाळा. ओल धरतं, खाली बसतं आणि उंदरांना तयार घरटं मिळतं. पुढे कधीतरी तापवायची सोय करणार असाल तर तेव्हा बोर्ड काढून भरता येईल; म्हणूनच पुढे बोर्ड गोंदाने न चिकटवता फक्त स्क्रूने लावायला सांगितलं आहे.

*सावधान:* थर्माकोलच्या किंवा पीयू फोमच्या शीटा उघड्या भिंतीवर चिकटवून सोडून देऊ नका. आग लागली तर त्या वेगाने पेटतात आणि धूर घातक असतो. त्या वापरायच्याच असतील तर आग काही वेळ अडवेल असं आवरण त्यांच्यावर हवंच.

हवेसाठी एक झडप खाली आणि एक समोरच्या भिंतीवर उंच, अशी किमान एक जोडी हवी. दोन्ही एकाच उंचीवर केल्या तर वारा नसताना हवा हलत नाही. दोन्हींना ६ मिलीमीटर छिद्रांची जस्ताची जाळी लावा. उंदराच्या पिल्लाला तेवढी फटही पुरते, म्हणून त्याहून मोठं छिद्र नको. कीटक-जाळी एकटी लावू नका, ती कुरतडली जाते.

टप्पा ५: बोर्ड धरायला सांगाडा तयार करा

२४४० × १२२० मिलीमीटरच्या बोर्डासाठी उभे आधार मध्यापासून मध्यापर्यंत ६१० किंवा ४०६ मिलीमीटरवर सोयीचे पडतात, कारण १२२० आणि २४४० दोन्ही मापं त्यांनी भागली जातात. जुन्या कोठारात खांब क्वचितच एवढे शिस्तीत असतात. तिथे खांबांवर आडव्या रिपा मारा आणि बोर्ड त्यावर लावा. याचा दुसरा फायदा म्हणजे पत्रा आणि बोर्ड यांच्यात हवेची मोकळी पोकळी तयार होते. मात्र सलग आडव्या रिपांनी ती पोकळी कप्प्याकप्प्यांत बंद होऊ देऊ नका. रिपा खांबाच्या तोंडावर मारलेल्या असतील तर खांबांच्या मधल्या जागेतून हवा वर जाते. सपाट भिंतीवर मारलेल्या असतील तर दर मीटरला बोटभर खंड ठेवा.

क्रम असा ठेवा:

१. दोन टोकांच्या खांबांना ओळंबा लावा आणि त्यांच्यामध्ये दोरी ताणा. मधला कोणता खांब पुढे आला आहे, कोणता मागे गेला आहे ते लगेच दिसतं. मागे गेलेल्यांवर पातळ पट्ट्यांची भर द्या. पुढे आलेला रंधून काढा, पण मुख्य भार घेणाऱ्या खांबाला हात लावू नका. त्याऐवजी बाकीचे पुढे आणा.

२. प्रत्येक आतल्या कोपऱ्यात दोन्ही भिंतींच्या बोर्डांना धरायला लाकूड आहे का ते पाहा. बहुतेक वेळा एकाच बाजूला असतं. तिथे जादा रीप आत्ताच मारा. बोर्डाची कड हवेत तरंगताना दिसते ती याच विसरण्यामुळे.

३. चित्रात जिथे फळ्या, हुक, सायकल, शिडी दाखवली आहे तिथे खांबांमध्ये आडवे ठोकळे बसवा. त्यांची उंची मोजून चित्रावर लिहा आणि भिंतीचा मोबाइलवर फोटो काढा, मोजपट्टी भिंतीला लावून. सहा महिन्यांनी हा फोटो सोन्यासारखा वाटेल.

४. काँक्रीटला टेकणारी पट्टी नवी लावत असाल तर ती औषध दिलेल्या लाकडाची घ्या आणि खाली डांबरी पट्टा किंवा जाड प्लास्टिकची पट्टी अंथरा. प्लास्टिक चालतं अशी ही एकच जागा. औषधात तांबं असेल तर साधे खिळे लवकर गंजतात; गरम जस्तात बुडवलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे वापरा.

विटा-दगडाची भिंत ओली असेल तर तिच्यावर लाकूड जोडून झाकण्यापेक्षा तिला चुन्याची सफेदी द्या आणि उघडी ठेवा. चुना वाफ अडवत नाही आणि भिंत उजळते. सफेदी ओलसर भिंतीवर, दुधाइतकी पातळ, दोन-तीन हातांत द्यायची. जाड फासली की पापुद्रे निघतात. चुना डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, त्यामुळे गॉगलशिवाय बादलीजवळ जाऊ नका.

टप्पा ६: वीज, बोर्डाच्या आधी

वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, पण त्याला पुढच्या तीन गोष्टी तुम्ही सांगा. भिंतीच्या पोकळीतून नुसती वायर नेऊ नका. धातूच्या पाइपातून बोर्डाच्या बाहेरून नेली तर उंदीर कुरतडत नाहीत आणि पुढे बदल करता येतो. खांबाला भोक पाडून वायर न्यायचीच असेल तर भोक खांबाच्या तोंडापासून किमान ३२ मिलीमीटर आत असावं, नाहीतर बोर्डाचा स्क्रू वायरीत घुसेल. तेवढी जागा नसेल तर समोर लोखंडी पट्टी लावावी. आणि सॉकेटच्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) असावं, कारण ओलसर फरशीवर उभं राहून हत्यारं वापरली जाणार आहेत.

*तपासणी:* बोर्डाच्या मागे जाणारी वायर असेल तर बोर्ड चढवण्याआधी तिच्यावरचा प्रत्येक दिवा आणि सॉकेट चालवून पाहा.

टप्पा ७: बोर्ड निवडा

जिप्सम बोर्ड नको. ओलसर हवेत मऊ पडतो आणि फावड्याचा दांडा लागला तरी फुटतो. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ तर अजिबात नको. एकदा पाणी प्यायले की परत पूर्ववत होत नाहीत.

खालच्या ओळीसाठी १८ मिलीमीटरचं पाण्याला टिकणाऱ्या गोंदाचं प्लायवुड घ्या, वरच्या ओळीला ११-१२ मिलीमीटरचं ओएसबी (लाकडाच्या चपट्या कपच्या दाबून केलेला बोर्ड) किंवा प्लायवुड चालतं. १८ मिलीमीटरचा पूर्ण बोर्ड तीस किलोच्या आसपास भरतो, तेव्हा दोन माणसं धरा. फळ्या हाताशी असतील तर त्याही उत्तम: आडव्या लावा, मध्ये थोडी फट राहू द्या. दिसायला साध्या, पण सुकण्यात बोर्डांपेक्षा सरस.

बोर्ड आणल्या दिवशी लावू नका. दोन-तीन दिवस कोठारातच, जमिनीपासून उचलून, मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवा. तिथल्या हवेशी त्यांची ओल जुळली की नंतर फुगणं-आकसणं कमी होतं. या वाट पाहण्याच्या दिवसांत मागच्या बाजूला आणि चारही कडांना रंगाचा एक हात द्या. हे काम जवळजवळ सगळे टाळतात. ओएसबी फुगतं ते कडांतून, आणि लावल्यावर कडांपर्यंत ब्रश पोहोचत नाही.

टप्पा ८: बोर्ड लावा

छतालाही बोर्ड लावायचे असतील तर ते आधी. भिंतीचे बोर्ड मग त्यांच्या कडांना खालून आधार देतात.

१. फरशीपासून २० मिलीमीटर वर पाणसळीत रेघ मारा आणि त्या रेघेखाली तात्पुरती सरळ पट्टी ठोका. फरशी सरळ आहे असं कधीही गृहीत धरू नका. सर्वात उंच जागेपासून मोजा. बोर्ड या पट्टीवर टेकवला की दोन्ही हात मोकळे राहतात.

२. पहिला बोर्ड आडवा, कोपऱ्यात. त्याची उभी कड गुण्याने आणि पाणसळीने पुन्हा पुन्हा तपासा. कोपरा वाकडा असेल तर बोर्डाची कोपऱ्याकडची कड तशी कापा, पण दुसरी कड खांबाच्या मध्यावर आणि उभी हवी. इथे ५ मिलीमीटरची चूक राहिली तर चौथ्या बोर्डाला आधारच सापडणार नाही.

३. दोन बोर्डांमध्ये ३ मिलीमीटर फट ठेवा. मध्ये त्या जाडीचा खिळा धरला की मोजायला नको. घट्ट भिडवलेले बोर्ड ओलसर हंगामात एकमेकांना ढकलतात आणि फुगा येतो.

४. स्क्रू जस्ताचा मुलामा दिलेले, १२ मिलीमीटर बोर्डाला ४० आणि १८ ला ५० मिलीमीटर लांब. कडांना दर १५ सेंटीमीटरला, मधल्या आधारांवर दर ३० ला. कडेपासून १० मिलीमीटर आत. डोकं पृष्ठभागाशी सपाट व्हावं. आत रुतलं तर बोर्डाचा वरचा थर फाटतो आणि तिथून पाणी शिरतं. गोंद लावू नका.

५. वरची ओळ लावताना उभे सांधे खालच्या सांध्यांच्या रेषेत येऊ देऊ नका. आडव्या सांध्यावर पट्टी मारली तर पुढे फक्त खालची ओळ काढून बदलता येते. मार खाणारी ओळ तीच असते.

६. वरती छताखाली २०-२५ मिलीमीटर फट सोडा. खालून आलेली हवा तिथून बाहेर पडेल.

*तपासणी:* शेवटचा बोर्ड लागल्यावर तात्पुरती पट्टी काढा आणि खालच्या फटीतून कागदाचा तुकडा सरकवत सगळी भिंत फिरा. कुठे अडला तर तिथे काँक्रीटचा उंचवटा किंवा कचरा बोर्डाला टेकला आहे.

टप्पा ९: उंदीर, रंग, सामान

खालची आणि वरची फट उघडी सोडली तर भिंतीमागे उंदरांचा हमरस्ता होईल. दोन्हीकडे तीच ६ मिलीमीटरची जाळी इंग्रजी एल अक्षरासारखी दुमडून बसवा. सिलिकॉन किंवा फोम भरून फट बंद करण्याचा मोह होतो. तसं केलंत तर आधीचे सगळे टप्पे फुकट. पाइप आणि वायरी जिथे बाहेरच्या भिंतीतून येतात तिथली भोकं मात्र पूर्ण बुजवा, स्टेनलेस स्टीलची जाळी कोंबून वर सीलंट. साधी भांडी घासायची लोखंडी तार काही महिन्यांत गंजून भुगा होते.

आतून पांढरा, पाण्यात मिसळणारा रंग पुरे. जाड ऑइल पेंटचे थर चढवू नका.

सामान भरताना भिंतीपासून ५ ते १० सेंटीमीटर आणि फरशीपासून पट्ट्यांवर उचलून ठेवा. खोकी भिंतीला चिकटवून रचली तर त्यांच्यामागे हवा जात नाही, आणि काळे डाग पहिल्यांदा तिथेच येतात. जड फळ्या फक्त खांबांवर किंवा टप्पा ५ मधल्या ठोकळ्यांवर अडकवा. एकट्या १२ मिलीमीटर बोर्डावर त्या काही आठवडे टिकतात, मग सगळं एकदम खाली येतं.

पहिला ओलसर हंगाम सरला की सर्वात सावलीच्या भिंतीवरचा खालचा एक बोर्ड उघडा. मागच्या रिपेची ओल मोजा, बोर्डाची पाठ पाहा, वास घ्या. आकडा २० च्या खाली असेल तर बोर्ड परत लावा आणि तारीख पेन्सिलने पाठीवर लिहा. वर असेल तर आधी टप्पा २ मधलं पन्हळ आणि बाहेरची माती पुन्हा पाहा, मग झडपांसमोर कोणी पोती रचली आहेत का ते.